तळ्यातली जेवली का?

माझा स्वभाव तापट आहे असं सासरी सगळे म्हणतात. मला ते मान्य नाही. माझं बोलणं बरोबर असतं आणि समोरच्याला ते उशिरा पटतं, एवढंच. पण अठ्ठ्याण्णव सालच्या भाद्रपदात मी चुकले, आणि अशी चुकले की पेठ वडगावच्या बाजारात पुढं दोन आठवडे दुसरा विषय नव्हता. म्हणून ती गोष्ट मीच सांगते. दुसऱ्या कुणी सांगितली तर तिखटमीठ लावून सांगेल.

आमचा शेंगदाण्याचा घाणा. आता तो विजेवर चालतो, पण नाव जुनंच राहिलं. माझे सासरे महालिंगाप्पा चाळीस वर्षं तो चालवत होते. वरून शेंगदाणे घालायचे, एकीकडून तेल, दुसरीकडून पेंड. लोकांना वाटतं घाणा तेलावर चालतो. घाणा पेंडीवर चालतो. तेल कुणीही घेऊन जातं. पेंड उठली नाही तर साठते, साठली की बुरसते, आणि मग नवे शेंगदाणे घालायला हात धजावत नाही. पूर्वी म्हशीवाले आमच्या दारात पोती अंथरून पेंडीची वाट बघत बसायचे. पुढं डेअरीवाले तयार गोळी पेंड घरपोच द्यायला लागले आणि आमचं दार ओस पडलं.

त्या उन्हाळ्यात एक दिवस जेवताना मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, सांगून टाकलं. "दसऱ्यापतूर वाट बघायची. न्हाय जमलं तर घाणा इकून टाकायचा. सांगलीचं एक पावणं मागाय लागलंय."

माझा नवरा वीरेश खाली मान घालून भात कालवत राहिला. भला माणूस आहे, पण वडिलांपुढं त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. सासूबाई शांतव्वा ताट तसंच ठेवून आत गेल्या. मला मात्र राग आला. चांगला धडधाकट घाणा विकायचा? आणि तो गेल्यावर ह्या माणसानं दिवसभर सोप्यात बसून करायचं काय? सकाळी घाण्याचा आवाज सुरू झाल्याशिवाय मामा चहालासुद्धा हात लावत नसत. पेंडीला गिऱ्हाईक मिळालं की घाणा वाचला, इतकी ती साधी गोष्ट होती, आणि गिऱ्हाईक मी शोधणार होते.

ते आपल्या पायानं चालत आलं. केरबा नावाचा एक काळासावळा, उंच माणूस पेंडीचा चुरा मागायला आला. मी दुकानात होते.

"म्हशी किती हायत तुमच्या?" मी विचारलं.

"म्हस कुठली, वैनी? तळं हाय की माझ्याकडं, सोसायटीचं. माशास्नी घालतो."

मी हातातलं माप खाली ठेवलं. आम्ही लिंगायत. आमच्या घरात मासा कुणी खाल्ला नाही, कुणी शिवला नाही, बाजारात त्या बोळातून कुणी गेलंसुद्धा नाही. मासा काय खातो, हा प्रश्न पडायचं कुणाला कारणच नव्हतं. आणि हा माणूस सांगत होता की रोहू खातो, कटला खातो, भाताचा कोंडा खातो, पेंड मिळाली तर मिटक्या मारत खातो. म्हणजे खायच्या बाबतीत मासा आमच्याच पंगतीतला निघाला.

"पण वैनी, चुरा टाकला की निम्मा पाण्यात इरघळतो," केरबा म्हणाला. "कुणी त्येची घट्ट गोळी करून दिली तर सोन्याहून पिवळं. आमच्या सोसायटीची सात तळी हायत."

सात तळी! तो गेल्यावर मी बोटांवर पोत्यांचा हिशेब करत बसले.

मामांना सांगितलं तेव्हा व्हायचं तेच झालं. त्यांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि माझ्याकडं बघितलं. मीही मागं हटले नाही. म्हटलं, "मामा, आपण मारत न्हाय, धरत न्हाय, खात न्हाय. आपण फक्त जेवू घालणार. भुकेल्याला जेवू घालणं म्हणजे दासोह, हे तुम्हीच मला शिकिवलंय." दासोह हे आमच्यात मोठं पुण्य. त्यांनी लिंगावरचा हात काढला. म्हणाले, "कर काय करायचं ते. पर ह्या घरात त्येचं नाव काढायचं न्हाय."

त्यामुळं आमच्या घरात मासा हा शब्द कधी उच्चारला गेला नाही. सासूबाई म्हणायच्या, "तळ्यातली." सकाळी मला विचारायच्या, "तळ्यातली जेवली का गं?" त्यांना त्या जिवांची फार काळजी. कुणी उपाशी आहे म्हटलं की त्यांना घास उतरत नाही, मग तो जावई असो की कटला.

वीरेश टेम्पो घेऊन शाहूवाडीकडच्या भातगिरण्यांतून कोंडा आणायला लागला. निम्मी पेंड कुटून, निम्मा कोंडा, आणि घट्ट धरायला कण्यांची पेज. पहिला घाट, म्हणजे एका वेळचा माल, मी घरच्या सोऱ्यातून काढला. ज्या सोऱ्यानं कुरडया घालतात त्याच. सासूबाईंनी तो सोऱ्या मला कायमचा देऊन टाकला आणि स्वतःला नवा आणला. गच्चीवर एका चादरीवर कुरडया, दुसऱ्या चादरीवर तळ्यातल्यांचं वाळवण. शेजारच्या बनाबाईंनी येता जाता त्यातला एक तुकडा तोंडात टाकला आणि मला मोठ्या मायेनं सांगितलं, "शिवलीला, चकलीत मीठ कमी पडलंय बघ." मी "बरं" म्हटलं. काय सांगणार?

आषाढात केरबानं तळ्यात बोटाएवढी पिल्लं सोडली. भाद्रपद निम्मा झाला तोवर ती वीतभर झाली. केरबाची बायको तानाबाई बाजारात मासे विकायची. चांगली उभ्या अंगाची, खणखणीत आवाजाची बाई. तिनं जाळ्यातला एक मासा वर धरला आणि मला म्हणाली, "ह्यो बघा तुमचा जावई! कसा टचटचीत झालाय!" मी दोन पावलं मागं सरकले, पण मनात म्हटलं, शाब्बास. सोसायटीचे चेअरमन गणपतराव भाद्रपदाच्या शेवटच्या रविवारी तळं बघायला येणार होते. त्यांना पटलं तर साती तळ्यांना आमची गोळी लागणार होती आणि आमचा घाणा वर्षभर दम खाणार नव्हता. मी मनातल्या मनात सांगलीच्या पाव्हण्यांना नारळ देऊन वाटेला लावलंसुद्धा.

त्या रविवारच्या आधी केरबा आणि तानाबाई जयसिंगपूरला लेकीकडं बारशाला गेली. चार दिवस. जाताना केरबानं मला बजावलं, "सकाळी दोन पाट्या घालायच्या. जास्त न्हाय, कमी न्हाय." मी म्हटलं, "तुम्ही निर्धास्त जावा." सांगताना आता लाज वाटते, पण त्या वेळी मला वाटलं होतं, दोन पाट्या घालायला कसली आलीय अक्कल?

पहिला दिवस ठीक गेला. दुसऱ्या दिवशी आभाळ गच्च होतं. सासूबाई माझ्याबरोबर आल्या होत्या. त्यांना तळं बघायचं होतं, मामांना न सांगता. उजाडायला आम्ही बांधावर पोचलो आणि बघतो तर काय, सगळ्या पाण्यावर तोंडंच तोंडं. शेकडो तोंडं, वर काढलेली, उघडतायत, मिटतायत, उघडतायत.

"अय्यो, पाप!" सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. "भुकेली हायत गं ती! मागाय लागल्यात बघ! काय घालता का न्हाय त्यास्नी पोटाला?"

मलाही तेच वाटलं. आमच्या घरात उघडलेल्या तोंडाचा दुसरा अर्थच नाही. कुणी तोंड उघडलं की आम्ही वाढतो, आणि त्यानं नको म्हटलं तरी आणखी एकदा वाढतो. म्हटलं, वीतभर वाढलेल्या पोरांना दोन पाट्यांनी काय होतंय? केरबा गरीब माणूस, हात आखडून घालत असेल. मी चार पाट्या घातल्या. आणि दहाच्या सुमाराला ऊन जरा फाकलं तसे सगळे मासे खाली गेले. सासूबाई हात जोडून म्हणाल्या, "जेवली, झोपली." मी मोठ्या रुबाबात घरी आले.

तिसऱ्या दिवशी पहाटे तोंडं दुप्पट. मी सहा पाट्या घातल्या.

चौथ्या दिवशी आभाळ इतकं भरून आलं होतं की दिवस उगवला की नाही तेच कळेना. मासे वर आले ते खाली गेलेच नाहीत. काही आडवे व्हायला लागले होते. त्यांची पांढरी पोटं दिसायला लागली आणि पाण्याला नासलेल्या पिठाचा वास येत होता. पाटी हातात होती, पण ह्या वेळी घालवेना. तेवढ्यात बांधावरून केरबा धावत आला, मागून तानाबाई. दोघं सकाळच्या पहिल्या एसटीनं उतरली होती.

"किती घातलासा?" तो ओरडला.

"सहा पाट्या. भुकेली हुती. तोंडं काढत हुती."

"अहो वैनी, हवा मागत हुती ती! हवा! पेंडीनं पाणी कुजलंय, पाण्यात हवा न्हाय! उनाबिगार पाण्याला हवा मिळत न्हाय, आणि तीन दिवस धड ऊन न्हाय!"

तो कपड्यांसकट पाण्यात उतरला आणि बांबूनं पाणी झोडपायला लागला. तानाबाईनं साडी खोचली आणि ती दुसऱ्या बाजूनं उतरली. मी वीरेशला हाक मारायला पळाले. वडिलांपुढं न बोलणाऱ्या माझ्या नवऱ्यानं त्या दिवशी पाव तासात शेजारच्या मळ्यातलं डिझेल इंजिन उचलून आणलं, तळ्याच्या काठाला लावलं आणि पाण्याचा फवारा उंच हवेत सोडून परत तळ्यात पाडायला सुरुवात केली. मीसुद्धा गुडघाभर पाण्यात उतरून सुपानं पाणी उडवत होते. मासे माझ्या पायाला घासून जात होते. मला त्याचं काही वाटलं नाही. मला फक्त ते जगायला हवे होते.

दुपारपर्यंत बरेचसे खाली गेले, ह्या वेळी खरे. पण दीडशेच्या वर मेले. तानाबाईनं ते गोळा करून बांधावर रास घातली आणि एक शब्द बोलली नाही. ती गप्प बसली हे मला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

बातमीला पाय असतात की पंख, कोण जाणे. रविवारची वाट बघायला कुणी थांबलं नाही. तीनच्या सुमाराला गणपतराव मोटारसायकलवरून आले, मागून सोसायटीची पाचसहा माणसं. गणपतरावांनी रास बघितली, पाण्याचा वास घेतला आणि म्हणाले, "महालिंगाप्पाची बुरसलेली पेंड दिसतीया. दुकानात पडून कुजलेला माल आमच्या तळ्यात आणून वतलासा व्हय?"

"पेंड बुरसलेली न्हवती," मी म्हटलं. "चूक माझी हाय. केरबांनी दोन पाट्या सांगितल्या हुत्या. मी चार घातल्या, मग सहा घातल्या. मला वाटलं मासे भुकेले हायत."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मग गणपतराव हसले, पण ते हसू चांगलं नव्हतं. "वैनी, तुम्ही हुशार हाय. माल वाचवायला चूक सोत्ताच्या अंगावर घ्याया लागलाय. बाई चुकली तर माफ करतील, माल चुकला तर धंदा बुडतोय, व्हय की न्हाय?"

मी आयुष्यात पहिल्यांदा चूक कबूल केली होती, आणि ती कुणी खरी मानायला तयार नव्हतं. माझे कान तापले. मी काहीतरी भयंकर बोलणार, तोच मागून मामांचा आवाज आला.

"कोण म्हणतंय माझी पेंड बुरसलेली?"

ते बांधावर उभे होते. पांढरं धोतर, कपाळावर विभूती. तळ्याकडं निघताना गणपतराव बाजारात तेच बोलले होते, कुणीतरी ते दुकानात पोचवलं होतं, आणि ते तसेच चालत आले होते, ऊन नसताना घामाघूम होऊन. तळ्यावर ते कधीच आले नव्हते. माशांच्या राशीकडं त्यांनी एकदा बघितलं आणि नजर फिरवली.

"मीच म्हणतोय, अप्पा," गणपतराव म्हणाले. "न्हाय म्हणायचं तर दावा की."

दाखवणार काय? घातलेली पेंड पाण्यात कुजून गेली होती. पोत्यात उरलेली दाखवली तर म्हणणार, ही चांगली हाय, ती वाईट हुती. तेव्हा इतका वेळ मुकाट बसलेली तानाबाई उठली.

"मी दावतो," ती म्हणाली. तिनं राशीतला सगळ्यात मोठा रोहू उचलला, बांधावर असायची त्या तिच्या विळीवर धरला आणि एका ओढीत पोट फाडलं. आतडं बाहेर काढून तिनं ते दगडावर पसरलं आणि बोटानं उघडलं. टचाटच भरलेलं होतं. "बघा. गळ्यापतूर जेवलाय. भुकेला न्हवता. वैनी खरं बोलत्यात, घाल घाल घातलंय ह्यास्नी." मग ती गणपतरावांकडं वळली. "आणि पोटात हाय तीच पेंड. चांगली का वाईट, पारखा आता."

गणपतराव वाकले, पुन्हा उभे राहिले. "ह्यातलं आमाला काय कळतंय? आमी मासा पारखणार, पेंड न्हवं."

मला वाटलं, संपलं. त्या गर्दीत पेंड कळणारा माणूस एकच होता, आणि त्यानं जन्मात मेलेल्या जिवाला हात लावला नव्हता. मी मामांकडं बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर ते मागणं झालं असतं.

मामा पुढं आले. त्यांनी लिंग सदऱ्याच्या आत नीट सारलं. खाली बसले. उजव्या हाताची दोन बोटं त्या उघड्या आतड्यात घालून त्यांनी चिमूटभर उचललं, अंगठ्यावर घोळलं, चुरलं, नाकाजवळ नेलं आणि डोळे मिटून वास घेतला. दुकानात आलेला प्रत्येक घाट ते असाच बघत. सोप्यात पूजेला बसल्यावर त्यांचा चेहरा असा असतो.

"माझीच हाय," ते म्हणाले. "ह्या श्रावणातली. बुरशी न्हाय, कडवटपणा न्हाय, तेल नीट निघालंय. कुणाला शंका असंल त्यानं वास घ्यावा."

त्यांनी तो हात सगळ्यांपुढं धरला. सोसायटीच्या माणसांनी एकेकानं वाकून वास घेतला. गणपतरावांनी सगळ्यात शेवटी घेतला. भाजल्या शेंगदाण्याचा वास कुणाला कळत नाही?

"अप्पा," गणपतराव हळू आवाजात म्हणाले, "तुमी लिंगायत माणूस. माशाला हात लावलासा?"

"माशाला कुठं लावला?" मामा उठत म्हणाले. "माझ्या मालाला लावला."

गणपतरावांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि परत घातली. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "वैनी, साती तळ्यास्नी गोळी लागंल. पर आधी आठ दिवस तानाबाईच्या हाताखाली तळ्यावर बसायचं. मासा जेवाय कवा येतोय आणि मराय कवा येतोय, ह्ये शिकल्याबिगार एक पोतं घेणार न्हाय." मी मान डोलावली. तानाबाई म्हणाली, "शिकिवतो की. पर पाटी माझ्या हातात ऱ्हाणार."

घरी जाताना टेम्पोत वीरेश गाडी चालवत होता, मी मधे आणि मामा खिडकीशी. तळ्यावर तीनदा हात धुऊनही त्यांनी तो अंगाला लागू दिला नव्हता. कोपरापासून खिडकीबाहेर काढून धरला होता. वडगावची वेस आली. मी बोलणी खायची तयारी करून बसले होते. दीडशे जीव गेले होते, मामांचं नाव बाजारात निघालं होतं, आणि माझ्यामुळं त्यांना जे करावं लागलं होतं त्यासाठी मला मारलं असतं तरी मी तोंड उघडलं नसतं.

"शिवलीला," ते म्हणाले.

"जी, मामा."

"पेंड बराबर हाय. कोंडा भरड ऱ्हायलाय. तसाच्या तसा पडलाय त्येच्या पोटात, पचंना झालाय. उद्यापासनं बारीक चाळणीनं चाळ, आणि मला दावल्याबिगार घाट काढू नगंस."

मी "व्हय, मामा" म्हटलं आणि मला रडू फुटलं. गाडीच्या आवाजात वीरेशला शब्द कळले नव्हते, त्याला वाटलं, मला बोलणी बसली.